मागे घेतलेली गाडी

सर्व्हर बंद करायला तिने बोट पुढे केलं आणि पडद्यावर पाहिलं, तर एक जण अजून आतच होता.

"कोण आहे हा चिकट पाहुणा?" दारातून साहेबांनी विचारलं. त्यांच्या कवेतल्या खोक्यात त्यांचं सगळं टेबल मावलं होतं.

"नाव नाही टाकलेलं. शर्यतीच्या खेळात एकटाच उभा आहे."

"मग घालव त्याला आणि तूही निघ. आता राखायचं काय उरलंय इथे?"

साहेबांचं काही चुकत नव्हतं. कंपनीच्या गेमिंग कन्सोलने बाजारात सपशेल मार खाल्ला होता. समोरच्या कंपनीने ऐन हंगामात आपला कन्सोल स्वस्त केला, चांगले गेम आधीच खिशात घातले आणि हिच्या कंपनीची खोकी दुकानांत धूळ खात पडली. हा डाव ज्याने रचला, तो तिचा सख्खा दादा.

बहीण एका कंपनीत, भाऊ दुसरीत, याचं नातेवाइकांना सुरुवातीला केवढं कौतुक! मग एकदा आईसमोरच जेवताना ठिणगी पडली. "तुमचं ते डबडं मला फुकट दिलं तरी घरात ठेवणार नाही," दादा म्हणाला. "तू स्वतःला विकलंस," ती म्हणाली आणि ताटावरून उठली. त्यानंतर अबोलाच. आई होती तोवर तिच्याकडून एकमेकांची खबरबात तरी कळायची. आई गेली आणि तेही संपलं. "जेवलीस का" एवढंसुद्धा विचारणारं आता तिला कुणी नव्हतं. दादाची फार आठवण यायची. पण आधी फोन करायचा कुणी, यावर घोडं अडलं होतं.

निरोपाला आलेले बाकीचे खेळाडू केव्हाच पांगले होते. हा एक मात्र हटेना. शर्यतीला दोन गाड्या लागतात, त्यामुळे बिचारा नुसताच ताटकळत होता. चाचणीचा कन्सोल अजून जोडलेला होता. एक शर्यत खेळू द्यावी त्याला, म्हणून तिने कंट्रोलर हातात घेतला.

तिची लाल गाडी रेषेवर आली. शेजारची निळी गाडी हलली, पण पुढे नाही. सावकाश मागे गेली, मागच्या खांबाला टेकली आणि थांबली.

तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

लहानपणी हाच खेळ, याच कंपनीच्या जुन्या कन्सोलवर. हरली की ती भोकाड पसरायची. म्हणून शर्यत सुटण्याआधी दादा आपली गाडी खांबापर्यंत मागे न्यायचा. "धाकटीला आघाडी," म्हणायचा आणि तरीही बहुतेकदा जिंकायचा, लबाड.

म्हणजे ते डबडं त्याच्या घरात होतं. आणि आज सर्व्हर बंद करायला कोण बसलं असेल, हेही त्याला बरोबर ठाऊक होतं.

"झालं का गं?" साहेबांनी विचारलं.

"होतंय. तुम्ही व्हा पुढे."

साहेबांची पावलं जिन्यावरून उतरत गेली. पडद्यावरचा दिवा हिरवा झाला. रस्ता मोकळा होता आणि आघाडी तिचीच होती. तिने गाडी उलटी घेतली. मागे, आणखी मागे, थेट निळ्या गाडीला खेटून खांबाशी उभी केली.

वर घड्याळ पळत होतं. दोघांपैकी कुणीच गाडी पुढे काढली नाही.