अबोल्यातले उड्डाण

"गिअर अप," कॅप्टन म्हणाली.

"गिअर अप," को-पायलटने तितक्याच कोरड्या आवाजात म्हटले आणि विमानाची चाके पोटात घेतली. गेल्या तीन दिवसांत नवरा-बायकोत झालेले हे सर्वांत लांबलचक संभाषण होते.

डावीकडच्या खुर्चीतली कॅप्टन ही त्याची बायको. दोघे एकाच वर्षी या पंख्यांच्या छोट्या विमानांवर रुजू झाले. ती गेल्या वर्षी कॅप्टन झाली; तो दोनदा परीक्षेला बसून अजून उजवीकडेच होता. त्याचे आपल्याला काही वाटत नाही, असे तो सांगत असे. पण रविवारी साडूच्या घरी जेवताना कोणीतरी त्याच्या गाडी चालवण्याचा विषय काढला आणि ही हसत हसत म्हणाली, "ह्याला साधी गाडी लावता येत नाही. मी विमान उतरवायला देते तेच खूप!" सगळे पोट धरून हसले. तोही हसला. घरी आल्यावर मात्र त्याने तोंडाला कुलूप घातले. बघू किती दिवस टिकतो, म्हणून तिनेही घातले.

आणि नेमके आजच, कित्येक महिने विनवण्या केल्यावर, कंपनीने दोघांना पुन्हा एकत्र ड्यूटी दिली होती. एरवी एक जण घरी आला की दुसरा कामावर निघालेला असायचा. एकत्र उड्डाण ही त्यांची एवढीच काय ती सहल.

डोंगर मागे पडले तेव्हा त्याला उजव्या इंजिनाच्या तेलाच्या दाबाचा काटा जरासा खाली दिसला. होता हिरव्या पट्ट्यातच, पण रोजच्या जागी नव्हता. अशा वेळी सांगायचे असते. क्षुल्लक वाटले तरी सांगायचे असते. त्याने तोंड उघडले आणि मिटले. कॅप्टन ती आहे ना, बघेल की. थोड्या वेळाने काटा आणखी उतरला. एवढी हुशार आहे तर दिसेलच तिला, असे मनाशी म्हणत तो खिडकीबाहेरचे ढग बघू लागला. रुसून ताटावरून उठलेल्या पोरासारखा तो वागत होता आणि हे त्याला कळतही होते.

मग टिंग झाले आणि लाल दिवा लागला.

"उजव्या इंजिनाचं ऑइल प्रेशर," तिने वाचले. काट्याकडे पाहिले. "काटा हिरव्याच्या काठावर आहे. ह्याच दिव्याने परवा उगाच बोंब मारली होती ना? वायर खराब आहे म्हणे. चेकलिस्ट काय म्हणते?"

त्याने पुस्तिका काढून वाचले. "नुसता दिवा लागला असेल तर लक्ष ठेवून पुढे जायचं. दाब खरंच उतरत असेल तर इंजिन बंद."

"म्हणजे खरा की खोटा, एवढंच ठरवायचंय." तिने दिव्याच्या काचेवर टिचकी मारली. "मला तर खोटाच वाटतोय. जाऊ या पुढे."

पुढे सगळा समुद्र होता. उतरायला जागा नाही. एक धावपट्टी होती ती आत्ताच मागे पडली होती.

शब्द त्याच्या जिभेवर येऊन अडकला. काट्याचे सांगायचे म्हणजे हेही सांगायचे, की मी बघत बसलो होतो. आणि ते कॅप्टनला नव्हे, बायकोला सांगायचे. पाठीमागे भरलेले विमान होते. कोणी डुलक्या घेत असेल, कोणी पोराला थोपटत असेल. त्यांना त्याच्या रुसव्याशी काय देणेघेणे? त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"खोटा नाहीये," तो म्हणाला. "काटा मघापासून उतरतोय. डोंगर संपले तेव्हापासून. मी बघत होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"राग होता."

तिने एकदाच त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेचा अर्थ लावायला वेळ नव्हता.

"ठीक आहे. मागे फिरतोय. इंजिन बंद करू."

इंजिन एकट्याने बंद करायचे नसते. घाईघाईत चांगले चालणारे इंजिन बंद करणारी माणसे या धंद्यात होऊन गेली आहेत. म्हणून एकाने त्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवून मोठ्याने विचारायचे, आणि दुसऱ्याने डोळ्यांनी बघून होकार दिल्याशिवाय हात हलवायचा नाही.

"उजवं इंजिन?" त्याने हात ठेवला.

तिने लिव्हर पाहिला, काटा पाहिला, त्याचा हात पाहिला. "उजवं. बरोबर. कर बंद."

पंखा मंदावत मंदावत थांबला. विमान एका अंगाला ओढू लागले, ते तिने पायाने सावरले. आणि मग दोघे बोलतच सुटले. उंची, वेग, वारा, धावपट्टी. तिने विचारायच्या आत तो सांगत होता, त्याचे संपायच्या आत ती करत होती. प्रवाशांशीही तोच बोलला: एक इंजिन बंद केले आहे, एकावरही विमान नीट उतरते, काळजी करू नका. आपला आवाज इतका शांत कसा आला, याचे त्यालाच नवल वाटले.

विमान जरा जोरातच टेकले. मागून टाळ्या ऐकू आल्या.

तिथल्या मेकॅनिकने इंजिनाचे झाकण उघडले तर आत सगळे तेलाने माखलेले. "समुद्रावर गेला असतात तर जाम झालं असतं हे," तो म्हणाला. "बरं झालं, वेळेवर दिसलं तुम्हाला."

मेकॅनिक लांब गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "मी कोणाला काही सांगणार नाही. सुखरूप उतरलो ना. तू सांगितलंस तर परीक्षा लांबेल तुझी. आणि पुन्हा आपल्याला एकत्र कोण उडू देईल?"

"माहितीये," तो म्हणाला, आणि त्याने कंपनीच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. काटा, राग, अबोला, सगळे सांगितले. कशामुळे रुसलो हे सांगताना तेवढी जीभ चाचरली.

साहेबांनी आधी प्रवाशांची चौकशी केली. "आपणहून सांगितलंस, हे लक्षात ठेवीन," मग ते म्हणाले. "उद्या येऊन भेट. परीक्षेचं बघू पुढे. पण एकत्र ड्यूटी आता विसरा."

तो परत आला तेव्हा ती प्रवाशांच्या बाकावर दोन कप चहा घेऊन बसली होती. त्याने साहेबांचे बोलणे सांगितले. ती कपाकडे बघत राहिली.

"तुला लागलं होतं ते मला ताईकडेच कळलं होतं," ती म्हणाली. "तुझा चेहरा पडला तेव्हाच. माझंच चुकलं रे. पण सॉरी म्हणायला जीभ उचलेना."

त्याने मान हलवली. डोळे भरून आले होते, ते त्याने पुसले नाहीत.

"आता कायमची मी सकाळची नि तू संध्याकाळचा," ती म्हणाली. "भेट होणार ती दारात."

"मग दारात बोलू," तो म्हणाला. "भांडायचं असलं तर भांडू. पण बोलू."

तिने एक कप त्याच्या हातात दिला आणि बाकावर त्याच्यासाठी जागा केली. "चल, सुरू कर," ती म्हणाली. "रविवारपासूनचं सगळं सांग."

तो सांगू लागला. त्यांना न्यायला येणारे विमान यायला अजून बराच अवकाश होता.