तिच्या नावाचा भुंगेरा

"हा नमुना आहे तिथेच राहू दे," सर म्हणाले. बसा म्हणायच्या आतच ते तिच्या खुर्चीत बसले होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी संग्रहालयातली प्रत्येक खुर्ची आपलीच, असा त्यांचा समज होता, आणि तो मोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

ती उभीच राहिली.

राज्यातल्या पानभुंगेऱ्यांची यादी महिनाअखेरीस छापायला जायची होती. पानं कुरतडणाऱ्या, नखाएवढ्या किड्यांच्या सहाशे बारा प्रजाती. त्यातल्या चाळीस सरांनी शोधलेल्या, आणि त्या चाळिसातल्या एकीला त्यांनी तिचं नाव दिलेलं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. वडिलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून ते नाव छापून आलेला कागद मोठ्याने वाचून दाखवला होता. पुढे लग्न झालं नाही, बढतीही मिळाली नाही. पण आपल्या नावाचा एक किडा आहे, एवढ्या भांडवलावर तिने या खोलीत तीस वर्षं काढली.

आता तेच नाव तिला स्वतःच्या हाताने रद्द करायचं होतं.

"ही वेगळी प्रजाती नाहीच, सर. आपल्या निळ्या भुंगेऱ्याची मादी आहे ही."

"मादी? तो निळा कुठे, हा तपकिरी कुठे! डोळे गेलेत का तुझे?"

तिने बरणी पुढे सरकवली. आत कोवळ्या पानांवर निळे आणि तपकिरी भुंगेरे एकत्र फिरत होते. "अंड्यांचा एकच पुंजका होता. मी वाढवलेत. निळे सगळे नर, तपकिरी सगळ्या माद्या."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी तुला नाव दिलं आणि तू मलाच उघडं पाडायला निघालीस? एक प्रजाती पडली की लोक उरलेल्या एकोणचाळीस उकरत बसतील. कृतघ्न कुठली!"

"नाव माझं जातंय, सर."

"मग घालवतेस कशाला? गप्प बस. कुणाच्या बापाला कळणार नाही."

ती खरंच गप्प बसली असती. एक नाव यादीत राहिलं तर कुणाचं काय बिघडतं, असं तिने आठवडाभर स्वतःला समजावलं होतं. पण काल तिने लाल चिठ्ठीचा मूळ नमुना, ज्यावरून प्रजातीला नाव मिळालं तोच, भिंगाखाली धरला होता.

"याचं पोट कुणी उघडलं?"

सर खिडकीकडे बघू लागले.

"नर की मादी ते बघायला उघडून परत डिंकाने चिकटवलंय. पेटीतले अकराच्या अकरा तसेच. सगळ्या माद्या, नर एकही नाही. या पेटीची किल्ली तुमच्याकडेच असायची."

"तेव्हाच कळलं होतं मला," सर काठी आपटत म्हणाले. लाजबिज काही नव्हती. "तू ती दुसरीकडची नोकरी धरून निघाली होतीस. माझ्या पुस्तकाची चित्रं कुणी काढली असती? तुझ्यासारखा हात होता का कुणाचा? नाव दिलं, तू राहिलीस. दोघांचंही भलं झालं."

तीस वर्षं उपकाराखाली दबून ती यांची चित्रं काढत बसली होती, आणि या माणसाने तिच्या तोंडाला पानं पुसली होती. ती बरणी यांच्या डोक्यात घालावी, इतका तिला राग आला. तिने बरणी उचलली आणि जपून फळीवर ठेवली. पुरावा होता तो.

"उठा," ती म्हणाली.

"काय?"

"माझी खुर्ची आहे. मला काम आहे."

सर उठले. दारापाशी घुटमळले. जिना उतरताना त्यांचा हात धरायला ती नेहमी जायची. ती गेली नाही. काठीचा आवाज चार पायऱ्या उतरला, थांबला, बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला.

या कामात जुनी चिठ्ठी काढून टाकायची पद्धत नाही. चुकीची असली तरी ती टाचणीवरच राहते आणि नवी तिच्याखाली टोचतात. तिने कागदाचा बारीक तुकडा कापला. त्यावर निळ्या भुंगेऱ्याचं नाव लिहिलं, तारीख घातली. शेवटची ओळ ओळख पटवणाऱ्याच्या नावाची. तिथे तिचा हात जरा अडला. मग तिने स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि चिठ्ठी टाचणीवर सरकवली.