केझिया रडत नाही

आईबापांकडे ठेवणं धोक्याचं असलेली मुलं सरकार माझ्या घरी पाठवतं. बावीस वर्षं मी हेच करतेय. दोन वर्षांपूर्वी ब्रिन नावाची गोरी मुलगी होती. तिनं खुर्ची घालून माझी खिडकी फोडली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहिलं, मुलीच्या मनाला जबर धक्का बसलाय, मायेनं घ्या. बरोबरच लिहिलं.

मग केझिया आली. आमच्यातलीच, काळी, अकरा वर्षांची. तिच्या आईच्या मित्रानं तिला मारमारून कपाटात कोंडलं होतं. शाळेत बाईंनी दार लावलं तेव्हा तिनं बूट भिरकावला. त्याच दवाखान्यानं लिहिलं: उद्धट, आक्रमक, पश्चात्ताप नाही, वर्तनाचा विकार. त्या कागदाच्या जोरावर तिला कुलूपबंद सुधारगृहात धाडायचं घाटत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या मिलवॉकी शहरभर फोन करून मी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ मिळवली.

जाताना बसमध्ये मी तिला पहिल्या तपासणीच्या वेळेसारखंच बजावलं. ताठ बस, ‘हो मॅडम’ म्हण, आणि गोऱ्या लोकांसमोर डोळ्यांत पाणी आणू नकोस. माझ्या आईनं मला दक्षिणेत, मिसिसिपी राज्यात हेच शिकवलं होतं. लेकरं सुखरूप राहावीत म्हणून आम्ही हेच शिकवतो.

या डॉक्टरही गोऱ्याच होत्या, वयानं लहान. त्यांनी हळूच कपाटाचं विचारलं. त्यात तुला कोंडायचे का? "हो मॅडम." भीती वाटायची? "नाही मॅडम." पोरगी काठीसारखी ताठ. डॉक्टर लिहू लागल्या आणि काय लिहीत असतील ते मला एकदम कळलं. पहिल्या कागदातला ‘पश्चात्ताप नाही’ माझ्याच शिकवणीतून आला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा डॉक्टर," मी म्हटलं. "ती निगरगट्ट नाही. रडायचं नाही असं मी सांगितलंय तिला. तुम्हा लोकांसमोर आम्ही रडत नाही."

डॉक्टरांनी पेन ठेवलं.

केझिया माझ्याकडे बघत राहिली. "मिस ओडेट, मग आता मी काय करू?"

"खरं काय ते सांग, बाळा. माझं चुकलं."

"रडले तर तुम्ही रागावणार नाही ना?"

मी हात पसरले, तशी एवढी उंच पोर माझ्या मांडीवर येऊन बसली आणि हुंदके देत सगळं सांगत गेली. त्या कपाटात ती आईला हाका मारायची आणि आई बाहेर टीव्हीचा आवाज वाढवायची. मीही रडले, त्या डॉक्टरांच्या देखत.

नव्या कागदावर ‘मनाला धक्का’ लिहून आलं. सुधारगृह टळलं, केझिया माझ्याकडेच राहिली. हल्ली ती कशावरूनही रडते. काल मक्याचा पाव खालून करपला म्हणून रडण्यात तास गेला. मी गॅस बंद केला आणि तिच्याजवळ बसून राहिले.