बाटलीवरची सोळा अक्षरं

हिल्का सालोरांताच्या नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मिर्वाच्या हातात हिल्काचीच चूक.

राउमा या फिनिश गावातल्या बंदरामागच्या त्या लहान कारखान्यात शेगडीच्या जाळीवरची जळकी चरबी सोडवणारं औषध बनायचं. जून लागला, उन्हाळी घरांची दारं उघडली, की बाटल्या पुरायच्या नाहीत. प्रत्येक औषधाचा सुरक्षेचा कागद, सोळा कलमांचा, हिल्का लिहायची. एकतीस वर्षं. इतरांच्या कागदावर 'योग्य हातमोजे वापरावेत' एवढंच असतं. हिल्का हातमोजा स्वतः औषधात बुडवायची, घड्याळ मांडीवर घेऊन बसायची, आणि मगच लिहायची: कुठलं रबर, किती जाड, किती मिनिटं टिकेल. न पाहिलेल्या हातांची एवढी काळजी! आठ महिने शेजारी बसून काम शिकताना मिर्वा हे पाहत आली होती, आणि पाहून तिचा ऊर भरून यायचा.

आज फायली लावताना तिनं कॉस्टिक सोड्याच्या नव्या पिंपासोबत आलेला कागद उघडला. तिसरं कलम, आत काय किती ते. पुरवठादाराचं कॉस्टिक आधीपेक्षा तीव्र होतं. तिनं तीनदा हिशेब केला. औषधात तीन टक्के नव्हे, साडेचार. बाटलीवरचं धोक्याचं चित्र तेच राहत होतं, म्हणून कुणाच्या नजरेत आलं नाही. पण बाटलीवर जो सोळा अक्षरांचा क्रमांक असतो, तो पाककृतीचा असतो. पोरानं घोट घेतला, की डॉक्टर तो क्रमांक विषबाधा केंद्राला सांगतो, आणि आत काय काय आहे ते तिथं दिसतं. या बाटल्यांचा क्रमांक जुनीच पाककृती दाखवणार होता.

दोन हजार चारशे बाटल्या. लॉरी तीनला निघणार. अजून एकही बाटली बाहेर गेली नव्हती.

"दीड टक्का?" गोदामाचा वेइक्को हसला. "अगं, माझ्या कॉफीतलं दूध रोज याहून जास्त इकडेतिकडे होतं. पुढच्या खेपेला बदल गुपचूप. आज बाईंच्या निरोपाचा केक आहे, तो तरी गोड लागू दे."

मिर्वालाही क्षणभर तेच वाटलं. उद्या हिल्का इथं नसेल. तिच्या एकतीस वर्षांवर एवढासा डाग कशाला?

तरी पाय तिच्या टेबलाकडेच गेले. कागद पुढं ठेवताना मिर्वाला वर बघवेना. हिल्कानं वाचलं. चष्मा काढला. पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"खरेदीतला ओस्मो म्हणाला, तेच आहे, नुसतं पिंप बदललंय. आणि मी मान डोलावली," ती म्हणाली. "कागद न वाचता. मी!"

"कुणालाही झालं असतं."

"कुणालाही नाही, मला झालं. वेइक्को! लॉरी थांबव."

"हिल्का, अगं, दुकानवाले माझा जीव घेतील!"

"घेऊ देत. तुझ्या जिवाचा क्रमांक तरी बरोबर आहे."

नवी पाककृती केंद्राला कळवली, नवा क्रमांक मिळाला, इवल्या पट्ट्या छापल्या. मग सगळा कारखाना बाकांवर बसला. जुन्यावर नवी पट्टी, जुन्यावर नवी पट्टी, दळण दळावं तशा एका लयीत. केक तिथंच आला. "आधी हात धुवा, मग खा!" हिल्का ओरडली, आणि ओस्मो लाजून नळाकडं गेला. कुणी भाषण केलं नाही. ती सगळ्यात भराभर चिकटवत होती, आणि प्रत्येक बाटली उजेडाकडं धरून एकदा वाचत होती.

केंद्राची पोच संध्याकाळी सातला आली. लॉरी गेली तेव्हाही, उत्तरेकडचा उन्हाळा म्हणून, बाहेर लख्ख ऊन होतं.

उरलं सोळावं कलम, कागद का बदलला ते लिहायचं. जुना कागद दुकानदारांना आधीच गेला होता. मिर्वानं टंकलं: 'माहिती सुधारली.'

"पुस ते," हिल्का मागून म्हणाली. "लिही, आधीच्या कागदात कॉस्टिक कमी दाखवलं होतं. तीनऐवजी साडेचार वाचावं. चूक हिल्का सालोरांताची."

"नाव घालायची पद्धत नाही गं."

हिल्कानं पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "बरं. नाव काढ. चूक राहू दे."

मिर्वानं नाव काढलं. मग कागद देशाच्या दोन्ही भाषांत छापायला सोडला, एक फिनिशमध्ये, एक स्वीडिशमध्ये.