गोपीनाथरावांचा पंजा

कॅप्टन गोपीनाथ दोनदा नापास झाले, हे अख्ख्या डोंबिवलीत फक्त त्यांच्या बायकोला, हेमाला ठाऊक होतं. बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला असता तर संपलंच! जन्मभर काट्यांच्या डायलवर विमानं उतरवलेला माणूस, आणि नव्वद साली कंपनीने आणलं कंप्युटरवालं विमान. मेलं सगळं आपलं आपण करतं, पण काय करतंय ते धड सांगेल तर शपथ! आता परवा तिसरी आणि शेवटची परीक्षा. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात. त्यात आपटले की उडणं बंद, कायमची ऑफिसातली खुर्ची.

म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागदी कॉकपिट चिकटवलेलं होतं, खऱ्याएवढं, सगळ्या बटणांसकट. हेमाला पोह्यांचा डबा काढायचा तर विमान उतरेस्तोवर थांबावं लागे. तक्रार करायची सोय नव्हती. मध्ये कुणी बोललं की गोपीनाथराव न बघताच उजवा पंजा वर करत, आणि समोरचा गप्प. लग्न झाल्यापासून हेमाची निम्मी वाक्यं अशीच घशात राहिलेली.

त्या संध्याकाळी रतन आला. ठाण्याचा पोरगा, दर वेळी त्यांच्यासोबत परीक्षेला बसणारा को-पायलट. हुशार, पण इतका अदबशीर की चहात साखर नसली तरी सांगणार नाही. भिंतीसमोर खुर्च्या मांडून दोघांनी विमान उतरवायला घेतलं.

"तीन पूर्णांक तीन," म्हणत गोपीनाथरावांनी कागदावरच्या चक्रीवर बोट फिरवलं.

"सर..."

पंजा वर झाला. रतन गप्प.

मोहरी टाकता टाकता हेमा थांबली. पोराचे कान लाल झालेले, नजर एका बटणावर खिळलेली. विमानातलं तिला काडीचंही कळत नव्हतं, पण गिळलेलं वाक्य ती बरोबर ओळखायची. परवाही हा असाच गप्प बसला तर? तिला संतापच आला. पुढे होऊन तिने नवऱ्याचा पंजा धरला आणि सरळ खाली दाबला.

"अगं!"

"अगंबिगं काही नाही. बोल रे रतन."

"जाऊ दे ना काकू."

"बोल म्हणते ना!"

"सर, आकडा बरोबर आहे, पण त्याआधी हे बटण दाबायचं राहिलं. तुम्हाला उताराचा कोन द्यायचाय, आणि कंप्युटर समजतोय खाली यायचा वेग. आकडा दिसायला सारखाच, पण विमान चौपट वेगाने खाली जाणार."

गोपीनाथराव भिंतीकडे बघत राहिले. "मागच्या वेळी हेच झालं?"

"दोन्ही वेळा, सर. मी सांगायला गेलेलो."

"मग सांगितलं का नाहीस?"

रतनने हेमाच्या मुठीतल्या पंजाकडे बघितलं. गोपीनाथरावांचा चेहरा पार उतरला.

मग हेमाने रतनला जेवणापर्यंत ओरडायला शिकवलं. फोडणी करपली. भांडण लागलं समजून समोरच्या कलावतीबाई डोकावून गेल्या.

परीक्षेच्या दिवशी गोपीनाथराव दुपारीच घरी आले. "पास!"

"रतन ओरडला?"

"दोनदा. एकदा उगाचच ओरडला, पण ओरडला!"

हेमाला हसू आणि रडू एकदमच आलं. गोपीनाथरावांनी रोजच्यासारखं वर्तमानपत्र उघडलं नाही. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले.

"हेमा, तुझं काय काय सांगायचं राहिलंय गं?"

हेमाने गॅस बंद केला, पदराला हात पुसले.

"बसा," ती म्हणाली. "आणि उद्याची रजा टाका."