पट्टीखालचा पिवळा दिवा

मित्रांनो, नेट गेलं की घरातले सगळे ज्याच्याकडे रागानं बघतात आणि नेट चालू असताना ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, तो मी. एक जुना राऊटर. दाराजवळच्या चपलांच्या मांडणीवर दोन कान टवकारून बसलेला काळा डबा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्यासारखे लाखो भाऊ तिथं एका सरकत्या पट्ट्यावरून बाहेर पडले. अंगं वेगळी, पण डोक्यातला प्रोग्रॅम सगळ्यांचा एकच. म्हणजे एकच पुस्तक घोकलेला वर्ग समजा. पुस्तकात चूक असली की अख्ख्या वर्गाचं तेच गणित चुकणार. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. नव्या कोऱ्या डब्याला कसली आलीय काळजी?

मला या घरात आणलं लेकीनं. ती नोकरीसाठी लांबच्या देशात निघाली होती, आणि बाबा इथं एकटे राहणार होते. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला तारा जोडल्या, मनगटानं माझी धूळ पुसली आणि माझ्या वायफायचं नाव ठेवलं ‘घोरणारे बाबा’. अख्ख्या इमारतीच्या फोनवर ते नाव झळकायला लागलं. बाबा चिडले. म्हणाले, "बदल ते आधी." ती म्हणाली, "विमान चुकेल माझं," आणि गेली. पोरगी माझ्याच वळणाची, चालू.

सुरुवातीला ती वर्षातून एकदा यायची. दारात बूट काढता काढताच मला उचलायची, मनगटानं पुसायची, प्रोग्रॅमची नवी दुरुस्ती आली असेल तर डोक्यात भरायची. मग तिचं लग्न झालं, बाळ झालं आणि येणं लांबत गेलं. उरला तो रोज संध्याकाळचा व्हिडिओ कॉल. तो माझ्यातून जायचा, म्हणून तर मला माझा तोरा.

एकदा मात्र माती खाल्ली. नात पहिलं पाऊल टाकत होती. बाबा पडद्याला नाक लावून बसलेले. तिनं पाय उचलला आणि नेमकी त्याच क्षणी माझी दुरुस्ती आपोआप सुरू झाली. मी बंद पडलो. परत चालू झालो तेव्हा नात चालून, पडून, खाली बसून बिस्कीट खात होती.

बाबांनी दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराकडून माझं आपोआप दुरुस्त होणं बंद करून घेतलं. नवी दुरुस्ती आली की माझा पिवळा दिवा लागतो. त्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली आणि डोक्यावर कागद डकवला, ‘हात लावू नये. चालू आहे.’

चालू होतोच की मी. पण मित्रांनो, चालू असणं आणि धड असणं यात फरक असतो.

मग एक दिवस आमच्या सगळ्यांच्या डोक्यातली चूक कुणाला तरी सापडली. बाहेरून येणाऱ्याला मी पासवर्ड विचारतो. पण एक ठरावीक लांबलचक निरोप पाठवला की मी गोंधळतो आणि पासवर्ड विचारायचंच विसरून दार उघडतो, आणि आत शिरलेला चोर सांगेल ते करतो. मी म्हणजे आम्ही लाखोजण. चोरांची तर दिवाळीच म्हणा.

लेकीचं कामच मुळी असली भोकं बुजवायचं. आठवडाभर ती पडद्यावर आली ती विस्कटलेल्या केसांनी.

"जेवलीस का?" बाबा विचारायचे.

"जेवेन हो. मोठं भोक निघालंय बाबा, सगळे तेच बुजवत बसलोय."

"कुठं निघालंय?"

"सगळीकडे."

अखेर दुरुस्ती तयार झाली. जगभरातल्या डब्यांकडे निघाली. माझ्याकडेही आली. माझा पिवळा दिवा लागला, पट्टीखाली. लेकीनं विचारलं, "बाबा, डब्यावरचा दिवा कसला दिसतोय?" बाबा खुर्चीतून हलले नाहीत. "हिरवा," म्हणाले. मला ओरडावंसं वाटलं. पण डब्याला दिवे असतात, तोंड नसतं.

आमच्याखाली सलून आहे. तिथला डबा माझा सख्खा भाऊ, त्याचीही दुरुस्ती राहिलेली. दोन दिवसांनी सलूनवाला वर आला, तेव्हा कॉल चालूच होता.

"काका, जरा तुमचं नेट द्या. माझं कंपनीनं तोडलंय. म्हणे तुमचा डबा कुठल्यातरी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर तुटून पडलाय. मी इथं दाढ्या करतोय आणि हा पठ्ठ्या तिकडं मारामाऱ्या करतोय."

पडद्यावर लेक ताठ झाली. "दादा, तुमचा डबा कुठला?"

"काकांच्याचसारखा. तूच तर घ्यायला लावला होतास."

"बाबा, दिवा हिरवा आहे ना?"

सलूनवाल्यानं माझ्याकडे वाकून बघितलं. "हिरवा कुठला? इथं काळी पट्टी आहे. दिव्याला चष्मा लावलाय काकांनी."

"पट्टी काढा बाबा," लेक म्हणाली. "शेजारचं बटण दाबा. सगळे दिवे विझले की भिंतीवरचा स्विच बंद करा, दहापर्यंत मोजा आणि परत चालू करा."

"आणि परत लागलाच नाही तर? तुझं तोंड तरी दिसतंय रोज."

"नाही लागला तर मी येते. रजा टाकून."

बाबांनी पट्टी काढली. बटण दाबलं. दिवे विझले, स्विच बंद झाला.

पुढचं मला सलूनवाल्याच्या तोंडून कळलं, कारण बंद डब्याला काय कळणार? तो म्हणे नुसता बघत राहिला. काकांनी दहा मोजले. मग अकरा, बारा, पंधरा करत पुढेच गेले. हात स्विचवर, आणि स्विच काही दाबेनात. "काका, मोजणी कुठवर जायचीय?" असं त्यानं विचारलं, तेव्हा कुठं बोट खाली गेलं.

मी जागा झालो. दुरुस्ती डोक्यात बसत होती, आणि मला त्या मनगटाची आठवण झाली. इतक्या लांबून, एवढ्या लाखांच्या गर्दीतून, तिचा हात माझ्यापर्यंत पोचला होता. खरं सांगतो, मोह झाला मलाही. दिवे लावायचेच नाहीत. मेल्याचं सोंग घ्यायचं. ती येईल की. पण तेवढ्यात दारावर चोर आला, त्यानं आपला लांबलचक निरोप दिला. मी सगळा शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणालो, "पासवर्ड?" अहाहा, ते सुख काही औरच.

‘घोरणारे बाबा’ परत झळकलं. कॉल लागला.

"लागला ना?" लेक म्हणाली.

"लागला बाई." बाबांचा आवाज पडला होता.

सलूनवाला गुपचूप खाली गेला.

मग लेक म्हणाली, "बाबा, हा डबा फार जुना झालाय. पुढं भोक निघालं तर याच्यासाठी कुणी दुरुस्ती काढणार नाही. नवा बसवायला हवा."

"मला काय जमतंय ते?"

"तुम्हाला कोण सांगतंय? मीच घेऊन येते."

बाबांनी ती काळी पट्टी बोटावर गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. "नातीला पण आण," म्हणाले.

तर मित्रांनो, घरातल्या डब्याचा दिवा पिवळा झाला तर तो झाकू नका. घटकाभर बंद पडू द्या त्याला. आणि कॉल तुटायची एवढी भीती वाटत असेल, तर अधूनमधून तिकीट काढून या.

ती येणार आहे. नवा डबा घेऊन, म्हणजे माझी जागा रिकामी करायलाच. मला माहीत आहे. दारात बूट काढेल, मला उचलेल. तारा काढायच्या आधी सवयीनं एकदा मनगट फिरवेल. बाबा हल्ली रोज सकाळी फडकं घेऊन येतात माझ्याकडे. त्यांना म्हणावंसं वाटतं, पुसू नका हो, थोडी धूळ राहू द्या.