एकवीस पावलं उलटी

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणं हे माझं काम. साथीत गाड्या थांबल्या आणि माझा आवाज घरात गंज खात पडला. एका रिकाम्या दुपारी मला हुक्की आली. घसा खाकरून, आवाज थेट पोटातून काढून मी फोनवर रेकॉर्ड केलं, "मी एक ज्येष्ठ डॉक्टर बोलतोय. रोज सकाळी एकवीस पावलं उलटं चाला. विषाणू वाट चुकतो. मग लशीची गरजच नाही." घरच्यांच्या ग्रुपवर टाकून दिलं. हसतील आणि विसरतील, असं वाटलं होतं.

तीन दिवसांत ते माझ्याच फोनवर परत आलं, पाच ठिकाणांहून, 'अतिशय महत्त्वाचे' असं डोक्यावर घेऊन. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. आठवड्याने ताईकडे गेलो, तिथे त्या जिरल्या. ताई गच्चीवर उलटी चालत होती. पाण्याच्या टाकीवर पाठ आपटली तेव्हा थांबली.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिला दमा आहे, आणि सोमवारची लशीची वेळ तिने रद्द करून टाकली होती.

"ताई, ते मी बोललोय. गंमत म्हणून."

"तू?" ती इतकी हसली की पंप ओढावा लागला. "अरे, त्या डॉक्टरांच्या आवाजाला वजन आहे. तू गाडी येतेय म्हणालास की लोक पाय पसरून बसतात."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. ग्रुपवर खुलासा टाकला, तर काकांनी 'अफवा पसरवू नये' असं सुनावून मलाच ग्रुपमधून काढलं. एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण शेजारच्या इमारतीखाली रोज रुग्णवाहिका येत होती आणि ताई टाकीपर्यंत उलटी जात होती. मी घाबरलो होतो.

रविवारी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. घसा खाकरला. "मी एक ज्येष्ठ डॉक्टर..."

"थांब," ताई म्हणाली. "परत खाकर बघू."

मी खाकरलो.

"लहानपणी आरसा फोडून मांजराचं नाव सांगितलंस, तेव्हा अस्साच खाकरला होतास. ते डॉक्टरही बोलण्याआधी अस्सेच खाकरतात." ती मटकन खुर्चीत बसली. "दम लागायचा रे, तरी चालायचे. म्हटलं, मला काही झालं तर तुझ्याकडे कोण बघणार?"

त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"रडू नकोस," ती म्हणाली. "इमारतीत घरोघरी जाऊन सांग. न खाकरता."

सगळे जिने चढलो-उतरलो. निम्म्यांना पटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकांनी तर माझ्याकडेच त्या डॉक्टरांचा नंबर मागितला. ताईने मात्र त्याच संध्याकाळी लशीसाठी नवी वेळ घेतली.

केंद्रावर नर्सने तिची बाही वर केली. सुई बघून ताईने माझा हात घट्ट धरला.

"दुखेल का रे?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. पण त्याआधी, माझ्याही नकळत, मी घसा खाकरला होता.

ताईने माझा हात सोडून त्याच हाताने माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि बाही वर केलेला हात नर्सपुढे केला.